सुकं बेरिंग

मी आधीच सांगून ठेवतो, माझा आवाज मोठा आहे. भांडतोय असं वाटलं तर वाटू द्या. मिलच्या रिंगखात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. तिथं सूत कातणाऱ्या हजारो चात्या एका वेळी फिरतात. शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी त्याला अर्धंच ऐकू जातं, उरलेलं तो ओठांवरून ओळखतो. पुढे शाळेत लागलो तेव्हा हेडमास्तर राऊतसर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "घाडी, ही शाळा आहे, मिल नाही."

"माहीत आहे सर," मी म्हटलं, "मिल असती तर मी इथं कशाला आलो असतो?"

झालं! तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

मिलमध्ये मी तेलवाला होतो. दौलत घाडी, तेलवाला. लोकांना वाटतं, त्यात काय, डबा घेऊन हिंडायचं. अरे, हिंडून दाखवा! जिथं जिथं काही फिरतं तिथं तिथं बेरिंग, आणि बेरिंग सुकलं की ते तापतं. तापलं की कापसाच्या उडत्या तंतूंना आग लागायला कितीसा वेळ? म्हणून तेलवाल्याचा अर्धा जीव कानात आणि अर्धा हातात. कुठं करकर ऐकू आली की जायचं आणि हात लावून बघायचं. तोसुद्धा उलटा. तळहात भाजला तर दुसऱ्या दिवशी काम बंद, हाताची पाठ भाजली तर चालतं. पाळी सुरू झाली की मी उलटा हात लावत खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो. घरी माझ्या पोरीला, अंबिकेला, ताप आला तरी कपाळाला उलटाच हात लावायचो. मालन, माझी बायको, हसायची. म्हणायची, "पोरीक काय तेल घालतलास?"

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. मे महिन्यात मालन अंबिकेला घेऊन गावाला गेली. दरवर्षीच जायची, आंबे-फणस खाऊन जूनला परत यायची. त्या जूनला आली नाही. मीच म्हटलं होतं, पंधरा दिवस थांब, मिटतोय. मग म्हटलं गणपतीपर्यंत मिटेल. मग दिवाळी. मग शिमगा. नाक्यावर जो कोण जी तारीख सांगायचा ती मी पोस्टकार्डावर लिहून पाठवायचो. खोटं बोलायचं म्हणून नव्हे हो, मला स्वतःलाच ते खरं वाटायचं. मालनला लिहिता येत नाही. तिची पत्रं अंबिकेच्या अक्षरात यायची. एकदा नुसतं एकच वाक्य आलं, मालन बोलली तसंच्या तसं उतरवलेलं: "माका आता तारीख नको, कागद होयो."

कागद म्हणजे पर्मनंट नोकरीचा कागद. तो दिसला तरच ती मुंबईला पाय ठेवणार होती. तिचं काय चुकलं? वर्षभर तारखा खाऊन कुणाचं पोट भरतं?

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये मी डिलाईल रोडवरच्याच एका शाळेत लॅबचा शिपाई म्हणून लागलो. प्रोबेशनवर. मिल लांबून दिसायची. भोंगा नाही, धूर नाही, नुसती उभी. मी त्या बाजूला बघायचंच टाळायचो. शाळेतून आलो की खोली. आमच्या खोलीत पूर्वी आम्ही तिघं, शिवाय गाववाले दोघं जेवायला. आता मी आणि स्टोव्ह. एका माणसाची भाकरी थापायची म्हणजे वैताग असतो. पीठ भिजवेपर्यंत भूक मरते. त्या शांततेत माझे कान दुखायचे, आयशप्पत. आवाजाला सरावलेला माणूस मी, रात्री झोप यावी म्हणून नळ थेंबथेंब गळता ठेवायचो. चाळीतल्या सुंदराबाई सकाळी पाण्यावरून शिव्या घालायच्या. तेवढंच कुणीतरी बोलायचं.

मला घाई होती ती अंबिकेची. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला तीन मैल लांब, मध्ये ओढा. ती चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये सातवी होणार. त्याआधी कागद हातात पडला तर जूनला तिचं नाव याच शाळेत, माझ्या डोळ्यांसमोर. नाही पडला तर मालन तिला तिकडेच अडकवणार. आणि एकदा पोरगी तिकडच्या शाळेत रुजली की मालन कशाला परत येते? मग मी आणि स्टोव्ह, कायमचे.

लॅबमध्ये माझ्यावर हुकूम सबनीसबाईंचा. सरोजिनी सबनीस, शास्त्र शिकवायच्या. शिवाजी पार्कला एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. वागणं कडक, बोलणं पुस्तकातलं, पण मला शेवटपर्यंत 'अहो घाडी' म्हणाल्या. एकोणतीस वर्षं शिकवून एप्रिलमध्येच रिटायर होणार होत्या. फेब्रुवारीत शाळेची तपासणी लागली तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"अहो घाडी, ही माझी शेवटची तपासणी. सगळं लख्ख हवं. एकोणतीस वर्षांत माझ्या नावावर एक वाईट शेरा नाही."

"चिंता नको बाई," मी म्हटलं. "एकदम चकाचक."

राऊतसरांनीही बोलावलं. म्हणाले, "तपासणी नीट पार पडू दे. मग तुमचा कायम नेमणुकीचा कागद देतो. टाईप करून ठेवलाय, फक्त सही बाकी." टेबलाच्या खणातून काढून लांबूनच दाखवला. माझं नाव इंग्रजीत होतं. मी लगेच पोस्टात गेलो आणि कार्ड टाकलं: कागद टाईप झाला, पाडव्याला या.

म्हणजे पुन्हा तारीखच लिहिली. गाढव ते गाढवच.

तपासणी सोमवारी. शनिवारी दुपारी मला टपाल घेऊन दादरला पाठवलं होतं, म्हणून रविवारी मी लॅब उघडून बसलो. खोलीत बसून तरी काय करणार होतो? बरण्या पुसल्या, तराजू पुसले, भिंगं पुसली. शेवटी टेबलावर एक जुनं यंत्र दिसलं. एरवी ते कपाटाच्या तळाला असायचं, बाईंनी आदल्या दिवशी काढलं असावं. पितळेचा एक उभा पेला, दोन्ही बाजूंनी लाकडाचे गुटके त्याला मिठी मारल्यासारखे आवळलेले, आणि खाली हँडलचं चाक. हँडल फिरवलं की पेला त्या गुटक्यांच्या मधे फिरणार. कशाला, ते मला ठाऊक नव्हतं. मी हँडल फिरवून बघितलं.

कीं... कर्र... कीं!

अंगावर काटा आला. बेरिंग सुकं! ठणठणीत सुकं! कुणी या बिचाऱ्याकडे बघितलंच नव्हतं. मी उलटा हात लावला. तेवढ्या चार फेऱ्यांत लाकूड कोमट झालेलं. मला इतका राग आला म्हणून सांगू! एवढ्या शिकलेल्या बाया-माणसांची शाळा, आणि मशीनला तेल घालायची अक्कल कुणाला नाही?

खोली दोन मिनिटांवर. गेलो आणि माझी तेलाची कॅन घेऊन आलो. ती लांब चोचीची कॅन माझी स्वतःची होती, संपाच्या आधी तुटक्या दांडीला डाग द्यायला घरी आणलेली, ती तशीच राहिली. दोन वर्षांत तिला हात लावला नव्हता. तळाला तेल होतं. गुटक्यांचे नट सैल केले, चोच आत घातली, कॅनच्या बुडाला टिचक्या मारल्या. टक, टक, टक. लाकूड तेल प्यायलं. पुन्हा घातलं, पुन्हा प्यायलं. तहानलेलं होतं बिचारं. पोटभर पाजलं, नट होते तेवढेच आवळले, वरून फडक्यानं पुसलं. मग हँडल फिरवलं. काय सांगू, आवाज नाही की धक्का नाही. मी दोनशे-तीनशे वेळा तरी ते फिरवलं असेल. उलटा हात लावला, गार. आयला, बरं वाटलं! दोन वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आज मी काहीतरी काम केलं. रिकाम्या लॅबमध्ये एकटाच मोठ्यानं म्हणालो, "हा आपला धंदा!"

सोमवारी तपासणीसाहेब आले. सफारी, चष्मा, काखेत फाईल. नववी ब चा वर्ग लॅबमध्ये बसवलेला. राऊतसर दाराशी, मी भिंतीला टेकून. बाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी त्याच यंत्रापाशी उभं राहून बोलायला सुरुवात केली.

"मुलांनो, आपण काम करतो म्हणजे ऊर्जा खर्च करतो. मग ती ऊर्जा जाते कुठं? नाहीशी होते का? नाही. यांत्रिक ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर होतं. आज आपण ते डोळ्यांनी पाहणार आहोत. या पेल्यात पाणी आहे, पाण्यात थर्मामीटर. हँडल फिरवलं की पितळ लाकडावर घासेल, घर्षणानं तापेल आणि पाण्याचं तापमान चढेल. शनिवारी मी स्वतः करून पाहिलं, दोनशे फेऱ्यांत तीन अंश चढले."

ते यंत्र तापण्यासाठीच केलेलं होतं. अरे देवा! तापवायलाच!

बाईंनी पुढच्या बाकावरच्या एका मुलीला बोलावलं. दोन वेण्या, लाल रिबिनी. अंबिकेपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. ती फिरवू लागली आणि वर्ग मोजू लागला. चाक नुसतं पळत होतं. ती पोरगी खुशीत, हाताला जोरच लागत नव्हता. शंभर झाले. दीडशे झाले. दोनशे. बाईंनी वाकून थर्मामीटर बघितला.

"सव्वीस होतं," त्या म्हणाल्या. "सव्वीसच आहे."

"पुन्हा करा," साहेब म्हणाले.

पुन्हा दोनशे. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. साडेसव्वीस. पोरं खुसखुसायला लागली. बाईंनी थर्मामीटर बदलला, नट थोडे आवळले, अजून दोनशे फिरवायला लावले. तसाच. आकडा लिहिताना त्यांनी तो दोनदा खोडलेला मला दिसला. एकोणतीस वर्षं फळ्यावर सरळ रेघ मारणारा हात तो. साहेबांनी घड्याळ बघितलं, फाईल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. "राहू द्या बाई. पूर्वतयारी झालेली दिसत नाही. पुढचा भाग घ्या."

आता खरं सांगतो, लपवत नाही. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. कुणाला कळणार होतं? तेल लाकडाच्या पोटात. बाईंना वाटलं असतं यंत्र म्हातारं झालं. त्यांचं काय, त्या दोन महिन्यांनी घरी जाणार, पेन्शन खाणार. माझा कागद खणात पडलाय. माझी पोरगी. मी मनात म्हटलं, दौलत, दातखीळ बसू दे तुझी. पण साहेबांचं पेन कागदाला लागलं आणि बाई त्या पेल्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांना काही कळेना झालं होतं. आपण केलेलं काम गेलं कुठं, असं तोंड. ते तोंड मी ओळखतो. दोन वर्षं मी ते आरशात बघत होतो.

"ओ सायेब, लिवू नका!"

माझा आवाज. सगळा वर्ग दचकला, राऊतसर दाराला आपटले.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"लॅबचा शिपाई. घाडी. बाईंची चूक नाय. त्यात तेल मी घातलंय."

"तेल? कुणाला विचारून?"

"सुकं बेरिंग होतं सायेब. करकरत होतं. मी मिलमधला तेलवाला. तेलवाल्यानं सुकं बेरिंग बघून काय विचारत बसायचं?"

वर्ग खदाखदा हसला. मला वाटलं जमीन फाटावी. राऊतसर डोळ्यांनीच मला खात होते. मी बाईंकडे बघितलं. आता ह्या मला फाडणार म्हटलं. तर बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर हळूहळू रंग परत येत होता.

"थांबा," त्या वर्गाला म्हणाल्या. "हसू नका. वही काढा. शनिवारी, कोरडं लाकूड, दोनशे फेऱ्या, तीन अंश. आज, तेल घातलेलं लाकूड, सहाशे फेऱ्या झाल्या तरी अर्धा अंश. यंत्र तेच, पाणी तेवढंच. फरक कशाचा?"

ती दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "तेलाचा. पण बाई, मला फिरवायला जोरच लागला नाही."

"शाब्बास! जोर लागला नाही म्हणजे तू काम कमी केलंस. काम कमी, म्हणून उष्णता कमी. मी एकटीनं एवढं स्पष्ट दाखवू शकले नसते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घाडी, इकडे या. मिलमध्ये बेरिंग तापलंय हे तुम्हाला कसं कळायचं?"

मी पुढे झालो आणि उलटा हात दाखवला. त्यावर भाजल्याचे जुने डाग आहेत, काळे-पांढरे. पोरं मान उंच करून बघायला लागली. आता कुणी हसत नव्हतं.

"बेरिंग तापलं तर काय होतं?"

"काम वाया जातं."

"वाया नाही. उष्णतेत जातं."

"तुमच्या पुस्तकात जात असेल बाई," मी म्हटलं. "खात्यात ते वायाच."

साहेबसुद्धा हसले. त्यांनी टोपण पुन्हा काढलं आणि बराच वेळ लिहिलं.

बाईंना 'अत्युत्कृष्ट' शेरा मिळाला. त्याच पानावर खाली एक ओळ होती: शिपायानं परवानगीशिवाय उपकरणात फेरफार केला, मुख्याध्यापकांनी दखल घ्यावी. राऊतसरांनी दखल घेतली. दुसऱ्या दिवशी खणातून दुसराच कागद निघाला. प्रोबेशन एक वर्ष वाढवलं.

"सर, पोरीचं नाव घालायचंय हो जूनला," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोललो असेन.

"घाडी, माझा नाइलाज आहे. वरून लेखी आलंय."

बाई राऊतसरांच्या केबिनमध्ये जाऊन माझ्यासाठी भांडल्या. मला बाहेर ऐकू येत होतं. काही उपयोग झाला नाही.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी बाईंचा निरोप समारंभ झाला. नंतर त्या हार हातात घेऊन लॅबमध्ये आल्या आणि स्टुलावर बसल्या. मी कपाटं बंद करत होतो.

"तुम्ही गप्प राहिला असतात तर मला कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"तुमाला नसतं कळलं. मला कळलंच होतं ना."

त्या हाराची एक एक पाकळी तोडत बसल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून काय करायचं हो घाडी? घरी गेलं की कुणाशी बोलायचं हेच समजत नाही. मी रेडिओ लावून ठेवते."

"मी नळ गळता ठेवतो," मी म्हटलं.

दोघंही हसलो. मग मी बरेच दिवस मनात ठेवलेलं विचारलं. "बाई, खरं सांगा. ते काम वाया जात नाय म्हणता, तर मग ती उष्णता जाते कुठं? पेला तर थोड्या वेळानं गारच होतो."

"आजूबाजूला पसरते. हवेत, टेबलात, भिंतीत. इतकी पातळ होते की थर्मामीटरला समजत नाही. पण असते."

"म्हणजे माझं बावीस वर्षांचं काम?"

"तेही कुठंतरी आहेच."

"म्हणजे मुंबईत उकडतं ते आमच्यामुळं?"

"थोडंसं," बाई म्हणाल्या. त्यांनी हार टेबलावर ठेवला आणि गेल्या. तो पेल्याच्या शेजारी वाळून जाईपर्यंत मी तसाच ठेवला होता.

पाडवा तर केव्हाच होऊन गेला होता. मालनला मी काहीच कळवलं नव्हतं. रोज कार्ड काढायचो आणि रोज ठेवून द्यायचो. नाक्यावर लोक म्हणत होते, पुढच्या वर्षी शिपायांच्या जागा भरणार, नक्की भरणार. ते लिहायला बोटं शिवशिवत होती. त्या दिवशी बाई गेल्या आणि मी तिथंच लॅबच्या टेबलावर बसून लिहिलं. कागद मिळाला नाही. प्रोबेशन एक वर्ष वाढलं. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. मग तेल, पेला, साहेब, सगळं लिहिलं. उष्णतेचं बाईंनी सांगितलेलं पण लिहिलं, अंबिकेला अभ्यासाला होईल म्हणून. कार्डात मावेना तर आंतरदेशीय पत्र घेतलं. शेवटी लिहिलं, कधी मिळेल सांगता येत नाही. तारीख घातली नाही. आणि लगेच जाऊन पेटीत टाकलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाववाला चंदू मुंबईला आला. संध्याकाळी दारात उभा. हातात चिठ्ठी आणि कापडाची पिशवी, तोंड सुतळीनं शिवलेलं. पाणी प्यायला आणि लगेच गेला, त्याला शिवडीला गोदीवर कुणाला तरी भेटायचं होतं. मी कडी लावून चिठ्ठी उघडली. अंबिकेचं अक्षर सुधारलं होतं.

तिनं लिहिलं होतं: बाबा, माझं नाव तिकडच्या हायस्कूलमध्ये आठवीत घातलं. ओढ्याला पाणी आलं की गुरुजींच्या घरी राहायचं ठरलंय. तुमचं पत्र आईला तीन वेळा वाचून दाखवलं. आई म्हणाली, पहिल्यांदा खरं लिवलानी. मग ती मागीलदारी गेली आणि बराच वेळ आली नाही. मी विचारलं आपण कधी जायचं, तर म्हणाली आता इथंच बरं. बाबा, आई आता चार घरचं दळण दळते. तुमचं पत्र आल्यावर मी जात्याखालच्या पिठाला हात लावून बघितला. उलटा. पीठ गरम असतं! मी आईला सांगितलं, तू फिरवतेस त्याची ही उष्णता. आईनं पण हात लावला. म्हणाली, इतकी वर्षं दळतंय, माझ्या ध्यानात नाय इला. तुमच्यासाठी तांदळाचं पीठ पाठवलंय. आईनं जात्यावरून काढून गरम असतानाच बांधलंय. म्हणाली, धाड त्यांका, बघूंदेत.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग सुतळी तोडली. बोटं घाईनं इतकी वेडीवाकडी चालत होती की शिवण उसवायची सोडून मी पिशवीच फाडली. आणि पिठात हात घातला, उलटा, मनगटापर्यंत.

गार.

गारच असणार. अख्खी रात्र एसटीत, चंदूच्या सीटखाली. मला काय कळत नव्हतं? पण मी हात काढला नाही. तळापर्यंत नेला, कडेनं फिरवला. कुठं राहिली असेल थोडी म्हणून. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, घाडी, ती नाहीशी झालेली नाही, वाटेत पसरलीय. पसरली असेल. घाटात, रस्त्यात, परक्यांच्या गाठोड्यांत. माझ्या खोलीत नाही, एवढं मला कळतं. मला रडू आलं. मोठ्यानं आलं, माझा आवाजच मोठा. शेजारच्या खोलीतून सुंदराबाईंनी विचारलं, "काय रे दौलत, काय झालं?" मी म्हटलं, "काय नाय, गावची पिशवी आली."

मग हात पुसला, पेपर अंथरून त्यावर पीठ पसरलं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. आणि एका भाकरीपुरतं बाजूला काढून स्टोव्हवर पाणी ठेवलं.